सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं

प्रिय सिस्टर,

रोममधल्या सान क्लेमेंते चर्चमध्ये जिना उतरताना वसईच्या एका म्हातारीचा गुडघा अडकला होता, आठवतं? ती माझी आई. पहिल्या तळघरापर्यंत कशीबशी आली आणि म्हणाली, आता पाय चालत नाही. तुम्ही ओळख ना पाळख, तिचा हात धरलात. "अम्मा, आप मेरे पास बैठो. बेटी को नीचे जाने दो." तुम्ही केरळच्या, हिंदी नागपूरला असताना शिकलेल्या. पाऊण तास तिच्याजवळ बसलात. मी घाईत नुसतं 'थँक्यू' म्हटलं आणि बस गाठायला पळाले. ते मनाला लागून राहिलंय.

तुमच्यामुळे मला खाली काय बघायला मिळालं ते सांगते. वरचं चर्च 12 व्या शतकातलं, तुम्ही बसला होतात ते 4 थ्या शतकातलं आणि त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती. 1857 साली फादर जोसेफ मलूली यांनी खणायला घेतलं नसतं, तर ते सगळं मातीतच राहिलं असतं. अगदी तळाला, रोमन लोक पुजत त्या मिथ्र देवाची गुहेसारखी खोली आहे. दोन्ही बाजूंना दगडी बाकं, मधल्या वेदीवर बैल मारणारा मिथ्र. तिथून एक अरुंद बोळ ओलांडला की दुसरी इमारत. सुरुवातीचे ख्रिस्ती त्याच जागी जमत, असं परंपरा सांगते. खरं असेल तर या घरचं गाणं त्या घरात ऐकू जात असणार. कुठेतरी भिंतीमागून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

सकाळीच आम्ही कॉलोसियम बघून आलो होतो, डोक्यात सिंह आणि त्यांच्यापुढे टाकलेले ख्रिस्ती हुतात्मे. आणि इथे बघते तर मिथ्राच्या त्या खोलीवरच पुढे चर्च उभं राहिलेलं. 313 मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली आणि ते शतक सरता सरता थिओडोसियस बादशहाने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला सिंह शिकवले, ही बंदी नाही शिकवली.

वर आले तर तुम्ही दोघी हसत होतात. अकराव्या शतकाच्या अखेरचं ते चित्र: सिसिनियस नावाच्या रोमन सरदाराचे नोकर, ज्याच्या नावाचं हे चर्च तो संत क्लेमेंत समजून खांबच ओढताहेत आणि सिसिनियस त्यांना शिव्या देतोय. बोलीतल्या इटालियनचा हा अगदी जुना लेखी नमुना, असं तुम्ही सांगितलंत. अर्थ विचारला तर "गाली है" एवढंच बोललात. (मी नंतर शोधला, सिस्टर. सांगितला नाहीत ते बरं केलंत.)

पण आईने घरी आणली ती दुसऱ्या चित्राची गोष्ट. क्लेमेंतला गळ्यात जहाजाचा नांगर बांधून काळ्या समुद्रात बुडवलं. दरवर्षी समुद्र मागे हटायचा आणि लोक त्याच्या कबरीपर्यंत चालत जायचे. एका वर्षी एका बाईचं पोर तिथेच राहिलं, पाणी परत आलं. पुढच्या वर्षी ती गेली तर पोर जिवंत. आम्ही पाचूबंदरचे कोळी. नांगर म्हणजे काय आणि समुद्राने माणूस ठेवून घेणं म्हणजे काय, हे आईला कोणी समजवायची गरज नाही. माझा मामा होडीवरून परत आला नाही. तुम्हाला ते तिने सांगितलं होतं, हे मला विमानात कळलं. मला तिने इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आता सुकटी निवडताना ती शेजारणींना हीच गोष्ट सांगते. तिच्या सांगण्यात नांगर आमच्या होडीवरचा असतो. चित्राचा खर्च देणारा बेनो द रापिझा बायकामुलांसह खालीच रंगवलाय, हेही सांगते. आपल्याकडे चर्चच्या बाकावर देणगीदाराचं नाव असतं ना, तसं.

एक विचारायचंय. त्या पोराचं नाव तुम्ही सांगितलं होतंत, पण आपण विसरलो, असं आई म्हणते. हे वाचलंत तर कळवाल का? आणि तुमचंही.

तुमची,
त्या म्हातारीची मुलगी