गाडीचा पत्रा घरी ठोकायला हरकत नाही, पण रंग मारायचा कुठं ते तरी सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एका ताईंनी लिहिलं होतं की त्यांच्या लेआउटमध्ये शेजारचे कोणीतरी गेटच्या आत जुनी गाडी रंगवून राहिले, थिनरच्या वासानं घरातले लोक खोकून खोकून बेजार झाले आणि महापालिकेनं अशा लोकांवर कारवाई करावी. ते पत्र आमच्या जुन्या गाड्यावाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं आणि मग काय, दोन दिवस तेच सुरू, यांना काय कळते, आमची हौस आहे, आमच्या गेटच्या आत आम्ही काहीही करू वगैरे वगैरे. मी पण जुनी गाडीवालाच आहे, पण मला त्या ताईंचं बरंचसं पटलं. सगळं नाही पटलं, आणि जे नाही पटलं त्याच्यासाठीच हे पत्र लिहून राहिलो, थोडं लांबलं तर कापा पण मधला कूलरचा मुद्दा कापू नका.

माझ्याकडे 1952 ची एमजी टीडी आहे. दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार, 1250 सीसीचं इंजिन, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. 1950 ते 1953 या काळात या मॉडेलच्या तीस हजाराच्या जवळपास गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, त्यामुळे आपल्या रस्त्यावर ही गाडी निघाली की सिग्नलवर लोक काच खाली करून विचारतात, भाऊ ही कोणती गाडी हो. या गाडीची गंमत अशी की बॉडी वरून पत्र्याची दिसते पण आतून सांगाडा लाकडाचा असतो. चेसिस म्हणजे खालचा सांगाडा लोखंडी, त्याच्यावर ॲश नावाच्या लाकडाची चौकट आणि त्या चौकटीवर पत्रा खिळलेला. म्हणजे डेंटरच्या आधी सुताराला बोलवावं लागते, आणि सुतार म्हणते गाडीचं काम आम्ही करत नाही.

आता ॲश आपल्याकडे कुठून आणणार. पण आपण विदर्भातले लोक, आलापल्ली-बल्लारशाचं सागवान दारात असताना रडायचं कशाला. सागवानाला वाळवी लवकर लागत नाही, पाण्यानं फारसं फुगत नाही, फक्त त्याच्यात तेल असते म्हणून सांध्याला इपॉक्सीचा गोंद लावायच्या आधी तो भाग थिनरनी नीट पुसून घ्यावा लागते नाहीतर गोंद पकडत नाही. काही शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात की ओरिजिनल लाकूड नाही. मुरडू द्या, लाकडाची जात बघायला कोणी दाराचा पत्रा फाडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं काम घरी होते आणि घरीच व्हायला पाहिजे. लाकूड कापणं, मडगार्ड खोलणं, पत्रा ठोकणं, याच्यात आवाज होते, मान्य, तो दुपारी चारच्या आत संपवायचा. पण अशी गाडी आज कोणत्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर ते काय करतात माहीत आहे का? ते डेंट काढतच नाहीत. इन्शुरन्सचं काम, पार्ट नवा मागवा, जुना फेका, नवा लावा, बिल पाठवा. 1952 च्या मडगार्डचा नवा पार्ट कुठून येणार इथं, आला तरी इंग्लंडहून येते, भाडं आणि कस्टम भरून, आणि आल्यावर भोकं जुळत नाहीत ते वेगळंच. म्हणून जुना पत्रा वाचवावा लागते, आणि तो वाचवणारी माणसं आता शहरात बोटावर मोजण्याइतकी राहिली.

माझ्याकडे येणारे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. ते आधी हातानी पत्रा चाचपतात, डोळे मिटून, मग मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा लावतात आणि समोरून हलक्या हातोडीनी ठोकत जातात. जिथं कोणीतरी आधी वेड्यासारखं ठोकून पत्रा ताणून ठेवला तिथं पत्रा फुगून येते आणि दाबला की डब्ब्यासारखा टक्क वाजते. अशा जागी ते गॅसच्या बारीक ज्योतीनी रुपयाएवढा ठिपका लाल करतात, चारी बाजूनी ठोकून घेतात आणि लगेच ओलं फडकं ठेवतात, पत्रा आखडते आणि जागेवर बसते. वेल्डिंग करताना पण एक सलग टाका मारत नाहीत, इथं एक ठिपका, तिथं एक ठिपका, मधे बिडी, कारण वीस गेजचा पत्रा म्हणजे एक मिलिमीटर पण जाड नाही, सलग गरम केला की लाटा येतात. मी घाई केली की म्हणतात, "भाऊ, पत्र्याले टाइम द्या, तो सोता जागेवर येते."

त्यांच्याकडूनच कळलं की त्या काळच्या गाड्यांच्या सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरायचे नाहीत, शिसं आणि कथिलाचा मिश्र धातू वितळवून भरायचे. आधी पत्र्याला कथिलाचा हात द्यायचा, मग लाकडी पट्टीनी तो मऊ धातू पसरवायचा आणि कानशीनी घासायचं. आपल्या जुन्या कल्हईवाल्यांना हे काम दोन मिनिटात समजलं असतं, नवसागर टाकून भांड्याला कथिल फिरवणं म्हणजे तेच, पण ते लोक पण आता इतवारीत शोधावे लागतात. आजचा पेंटर मात्र सरळ लांबीचा डबा उघडते. लांबी वाईट नाही हो, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक आहे. पण मी अशा जुन्या गाड्या बघितल्या ज्यांच्या दारावर बोटभर जाड लांबी, चुंबक लावलं तर खाली पडते, आणि विकणारा म्हणते एकदम ओरिजिनल बॉडी आहे साहेब. कोणी जुनी गाडी घ्यायला चालले असाल तर फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा, मालकाच्या चेहऱ्याकडे बघत बघत दाराच्या खालच्या भागावरून फिरवा.

दुसरी गोष्ट त्या ताईंच्या पत्रात नव्हती पण असायला पाहिजे होती, ती म्हणजे जुना रंग काढणं. घराच्या रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागात 90 भागांच्या) वर शिसं चालणार नाही असा नियम आपल्याकडे 2017 मधे लागू झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. पन्नास-साठ वर्षं जुन्या गाडीच्या रंगाच्या थरात तर शिसं आहेच असं धरूनच चालावं. तो रंग ग्राइंडरनी कोरडा उडवला की ती धूळ अंगणात, तुळशीत, पोरांच्या सायकलवर सगळीकडे बसते. म्हणून रिमूव्हर लावून खरवडायचा नाहीतर पाणी टाकून वॉटर पेपरनी घासायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि तो गाळ नालीत सोडायचा नाही. एवढं पाळलं तर शेजाऱ्यांनी तक्रार करायचं कारण नाही.

आता कूलर. रंगाचं काम घरी करू नये असं मी म्हणतो त्याचं मुख्य कारण नागपूरचा उन्हाळा आणि नागपूरचा कूलर आहे. पावसाळ्यात कोणी रंग मारत नाही, हवेत ओल असली की जुन्या पद्धतीचा ड्यूको रंग पांढरा पडते, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हौशी लोक मार्च ते मे पकडतात, हवा कोरडी, उघडा पत्रा पण चार-सहा दिवस गंजत नाही. पण नेमकं त्याच वेळी लेआउटमधल्या प्रत्येक घराच्या खिडकीत डेझर्ट कूलर सुरू असते, आणि कूलरचं कामच बाहेरची हवा ओढून घरात टाकणं. म्हणजे तुम्ही तुमच्या पोर्चमध्ये रंगाची स्प्रे गन चालवली की ती सगळी वाफ शेजारच्या बेडरूममध्ये, खस-बिस काही ते अडवत नाही. एसी असता तर एवढा त्रास नसता झाला. त्या ताई जे भोगून राहिल्या ते हे आहे.

आणि नुसत्या वासाचा प्रश्न नाही. आधी ड्यूको होता, त्याला वास होता, डोकं दुखायचं. आता सगळे टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मारतात, चमक चांगली, उन्हात टिकते, पेट्रोल सांडलं तरी उतरत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते फवाऱ्यातून छातीत गेलं की दमा लागू शकते आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा फवाऱ्यानं पण माणूस धापा टाकते. त्याला धड वास पण येत नाही, वास येते तो थिनरचा, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही हा हिशोबच चुकीचा. बाहेरच्या देशात पेंटरला नळीतून ताजी हवा देणारा मास्क घालून काम करायला लावतात. आपल्याकडे पेंटर तोंडाला दुपट्टा बांधते, आणि मालक बाजूला उभं राहून व्हिडिओ काढते. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि कूलरच्या मोटरची नाहीतर गॅस गीझरची एक ठिणगी पुरते.

बरं, एवढं करून रंग तरी चांगला येते का तर तेही नाही. 43-44 डिग्रीत थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच अर्धा वाळते, मग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत थर बसते (संत्रानगरी असली म्हणून काय गाडीवर पण संत्री पाहिजे का). स्लो थिनर वापरला तर तो ओला राहते तेवढ्यात रस्त्याच्या कामाची धूळ, कोराडीच्या वीज केंद्राकडून वारा असला तर राख, आणि एखादी माशी. मग सगळं वाळवून परत घासा.

तर प्रश्न असा की मारायचा कुठं. पेंट बूथ, म्हणजे रंग मारायच्या बंद खोल्या शहरात आहेत, मोठ्या वर्कशॉपमध्ये, वरून गाळलेली हवा, खालून एक्झॉस्ट, साठ डिग्रीला भट्टी. मी विचारून आलो. एका ठिकाणी म्हणाले सुटे मडगार्ड घेत नाही, दुसरीकडे म्हणाले या गाडीचा कोड आमच्या कॉम्प्युटरमध्ये येत नाही म्हणून जॉब कार्डच उघडत नाही. काय बोलणार राजेहो. या गाडीचे मडगार्ड सुटेच रंगवावे लागतात, कारण मडगार्ड आणि बॉडीच्या मधे पायपिंगची बारीक पट्टी बसते, बसवून रंगवली की तो सांधा पुढच्या पावसाळ्यात गंजते.

आमचे खासदार गडकरी साहेब, त्यांच्याच मंत्रालयानं जुलै 2021 मधे व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला. पन्नास वर्षांच्या वरची गाडी, मूळ रूपात असलेली, तिला व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला 5,000. रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. चांगला नियम आहे. त्याच्यात चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठी फेरफार चालत नाही, हे आमच्या पोट्ट्यांनी जरा वाचावं. माझा भाचाच म्हणते मामा मडगार्ड रुंद करू, मागचे टायर मोठे टाकू, मॅट ब्लॅक मारू. मी म्हटलं तुला कस्टम करायचं तर फायबरची किट घेऊन वेगळी बॉडी बनव, तिथंही गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येईलच, पण 1952 च्या पत्र्याला कात्री लावायची नाही. रंग मात्र त्या काळच्याच छटेचा पाहिजे, आयव्हरी, नाहीतर क्लिपर ब्ल्यू. आरसीवर दुसरा रंग असेल तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यायची, लाजायचं नाही.

माझी मागणी साधी आहे. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग हे दोन ट्रेड सरकारनंच मंजूर केलेले आहेत. श्रद्धानंद पेठेतल्या आयटीआयमध्ये नाहीतर हिंगणा एमआयडीसीत एक बूथ असा ठेवा की जिथं सामान्य माणसाला रविवारी तासाच्या भाड्यानं सुटे पार्ट रंगवता येतील, हवेच्या नळीचा मास्क सक्तीचा, सोबत एक शिकवणारा. पोरांना शिकायला नवीन गाडीचा बंपर मिळतेच, कधीतरी सागवानाच्या चौकटीवरचा पत्रा पण बघू द्या. आणि माझ्या मिस्त्रींसारखे जे चार-पाच लोक आहेत त्यांना मानधन देऊन बोलवा, त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही म्हणून गेटवर अडवू नका. हे झालं की मग महापालिकेनं घरात गन चालवणाऱ्यावर खुशाल दंड लावावा, आमच्या ग्रुपवाल्यांनी शिव्या दिल्या तरी मी त्या ताईंच्या बाजूनी सही करतो.

सध्या माझे चारही मडगार्ड इपॉक्सी प्रायमर मारून वरच्या खोलीत ठेवले आहेत. तो प्रायमर पण ब्रशनी लावला, गन नाही चालवली, पण प्रायमर हा काही शेवटचा रंग नाही आणि उन्हात तो लवकर खराब होते. जूनच्या आत कोणाकडे बूथ मोकळा असेल, सरकारी असो की खासगी, तर तुमच्या पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवावा, भाडं सांगाल ते देतो आणि मास्क माझा मी आणतो.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर