मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि भोपळ्याचं तबक

पिओरिया, इलिनॉय
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बयो,

परवा फोन अर्धवट राहिला. ओव्हनची घंटा वाजली आणि मी तुला तशीच सोडून पळाले. "एवढं काय शिजतंय गं?" असं तू विचारत होतीस. त्याचं उत्तर घाईत देता आलं नसतं, म्हणून आज आई झोपल्यावर लिहायला बसलेय.

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, इथला आभार मानण्याचा सण. आम्ही दोघं, आई, मुलगा-सून, सुनेचे आईवडील नि भाऊ, आणि शेजारचं जोडपं त्यांच्या दोन मुलींसह, अशी बारा माणसं जेवायला आहेत. मे महिन्यात लग्न झाल्यापासून व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी येताहेत, तेही जॉर्जियाहून दोन दिवस गाडी चालवत. बाकीच्या स्वयंपाकाची मला चिंता नाही. टर्की पक्षी शेजाऱ्यांच्या ओव्हनमध्ये भाजून येणार आहे आणि टेबलाच्या पार त्या टोकाला राहणार आहे. मी तीन आठवडे डोकं लावतेय ते जेवणानंतरच्या गोडावर.

कारण मागच्या वर्षीचं सांगते. तुला तेव्हा कळवलं नव्हतं. जेवणं आटोपली आणि टेबलावर पाच 'पाय' मांडले, म्हणजे पारीत सारण भरून भाजलेले इथले गोड पदार्थ. इथे एकच निवडायचा अशी रीत नाही, सगळ्यांतला थोडा थोडा घ्यायचा. ताटल्या हातोहात फिरू लागल्या, "हा चाखून बघ, तो माझ्या आजीच्या पद्धतीचा आहे" असं चाललं होतं. आईसाठी मी वाटीत श्रीखंड काढून ठेवलं होतं. प्रत्येक ताटली आईपाशी आली की तिनं ती दोन्ही हातांनी धरायची आणि पुढच्या माणसाकडे द्यायची. पाच वेळा. शेवटच्या वेळी तिनं ताटली जराशी नाकाजवळ नेली, दालचिनीचा वास घेतला आणि मग पुढे दिली. तिचं श्रीखंड तसंच होतं. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर तिनं ते खाल्लं, एकटीनं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला आपल्याच लेकीच्या घरी वाढप्याचं काम करायला लावलं मी. त्या रात्री ठरवलं की पुढच्या वर्षी "आईसाठी वेगळं" असं काही करायचं नाही. जे सगळ्यांपुढे येईल त्यातलंच तिच्याही पानात पडलं पाहिजे.

त्यात यंदा गुरुवारही साधा नाही. थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारीच येतो. लिंकन यांनी १८६३ साली नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार जाहीर केला होता, आणि १९४१ च्या कायद्यानं तो चौथा गुरुवार झाला. यंदा अमावस्या २० तारखेला झाली, म्हणजे २७ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईचं महालक्ष्मीचं व्रत. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, पोथी, नैवेद्य आणि मगच जेवण. घरात अंडं शिजायचं नाही, कांदा-लसूणही नाही. कॅलेंडर बघून मुलगा म्हणाला, "आजीला चालत असेल तर जेवण शुक्रवारी ठेवू." आईनं साफ नकार दिला. म्हणाली, "त्यांचाही सण आहे, तो हलवायचा नाही. दिवस मावळला की मी उपास सोडते, तेव्हा सगळे एकत्र बसू." इथे या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो. एरवी हा लवकरचा अंधार मला अगदी नकोसा होतो, पण यंदा तोच उपयोगी पडतोय. पाच वाजता पूजा आणि सहाला पानं.

आता गोडाचं. पाय म्हणजे काय ते तुला आपल्या भाषेत सांगायचं तर मोठी उघडी करंजी. खाली मैद्याची पारी, वर सारण. पण पारीचा न्याय आपल्या अगदी उलटा. आपण मोहन कडकडीत तापवून घालतो, इथे लोणी बर्फासारखं गार हवं. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पिठाचे पदर सुटतात. साट्याच्या करंजीला जे आपण लाटून लाटून करतो ते इथे वाफ करते. हात गरम असेल तर पारी बिघडते, म्हणून मी मधे मधे नळाखाली हात धरते. पारी घरीच करायची हा माझा कायमचा नियम. पहिल्या वर्षी दुकानातून गोठवलेली आणली होती आणि खाऊन झाल्यावर खोक्यावर बारीक अक्षरांत वाचलं की तिच्यात डुकराची चरबी आहे. तेव्हा आई इथे नव्हती, पण तो घास मला अजून आठवतो.

पंपकिन पाय तर हवाच, कारण आम्ही राहतो कुठे! पिओरियापासून दहाएक मैलांवर मॉर्टन आहे. अमेरिकेत डबाबंद भोपळा विकला जातो त्यातला बहुतेक सगळा तिथल्या लिबीजच्या कारखान्यातून निघतो. सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोपळे पडलेले दिसतात, आणि ते हॅलोविनचे गोल केशरी नसतात, बरं का. लांबट, फिकट तांबूस सालीचे, डिकिन्सन नावाचे, आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतले. ते केशरी भोपळे पाणचट, दिवे लावण्यापुरते. २००९ साली ऐन काढणीत पावसानं इथली शेतं बुडाली, तेव्हा देशभर डब्यांची टंचाई झाली होती. इलिनॉयनं तर पंपकिन पायला राज्याचा अधिकृत पाय म्हणून मान दिलाय. माझा मुलगा या शेतांच्या कडेनं सायकल चालवत मोठा झाला, त्याला टेबलावर हा नसेल तर सणच वाटणार नाही.

पण डब्यामागच्या कृतीत दोन अंडी आहेत, आणि ती उगाच नाहीत. भोपळा आणि दूध मिळून पातळ पिठल्यासारखं असतं. ओव्हनमध्ये अंडं आवळतं आणि सगळं धरून ठेवतं. अंडं काढलं की धरायचं कोणी? कॉर्नफ्लोअरनं. पहिल्या खेपेला मी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा भोपळ्यात कालवून थेट ओव्हनमध्ये ठेवलं. वरून छान दिसलं, सुरी घातली तर आत खळ. मग विचार केला तेव्हा उलगडलं. अंड्याला ऐंशी अंशांच्या आसपासची उष्णता पुरते, कॉर्नफ्लोअरला जवळजवळ उकळी लागते. पायच्या मध्यभागी तेवढी उष्णता पोचेस्तोवर कडा करपून जातात.

दुसऱ्या खेपेला सारण आधी गॅसवर शिजवलं, आपण खीर आटवतो तसं. जाड बुडाच्या पातेल्यात भोपळा एकटाच दहा मिनिटं परतला, पाणी उडालं, रंग विटकरी झाला, कच्चा वास गेला. मग कंडेन्स्ड मिल्क, थोड्या गार दुधात कालवलेलं कॉर्नफ्लोअर, दालचिनी, सुंठ, चिमूटभर लवंग. सारखं ढवळत राहिले. आधी कडेला बुडबुडे आले, मग मधोमध भदाभद उकळायला लागलं आणि उलथन्यावरून सारण धारेनं न पडता गोळ्यानं पडू लागलं. आधीच कोरड्या भाजलेल्या पारीत ओतलं, पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये आणि पुढे पाच-सहा तास गार. परवा तुझ्या फोनच्या वेळी वाजली ती हीच घंटा. संध्याकाळी कापला. सुरी स्वच्छ बाहेर आली. तुकडा ताटलीत उभा राहिला. बयो, मी तिथेच खुर्चीवर बसून घेतलं.

आई त्याला पाय म्हणत नाही. अन्नाला पाय कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं, म्हणून ती तबक म्हणते. तिनं चमचाभर सारण जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे तर घारग्याचं आहे. जायफळ राहिलं." खरंच राहिलं होतं, कारण डब्यामागच्या कृतीत ते नाहीच. मी जायफळ किसून आणलं, तिनं स्वतःच्या तुकड्यावर भुरभुरवलं आणि सबंध तुकडा संपवला. गुरुवारच्या तबकात जायफळ पडणार.

दुसरा विषय नाजूक होता. विहीणबाईंच्या घरी पंपकिन पाय नसतोच, तिथे स्वीट पोटॅटो पाय. त्या कृष्णवर्णीय कुटुंबातल्या, दक्षिण जॉर्जियाच्या. त्यांच्याकडे रताळ्याचा पाय म्हणजे आजी-पणजीची ठेव. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना तिकडचा याम नावाचा कंद इथे मिळेना, तेव्हा त्यांनी रताळं जवळ केलं आणि पुढे त्यातूनच हा पदार्थ घडला. तुला ते कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आठवतात ना? त्यांचं चरित्र आपण वाचनालयातून आळीपाळीनं आणून वाचलं होतं, तू रडली होतीस. अलाबामातल्या टस्कीगीत त्यांनी शेंगदाण्याइतकाच जीव रताळ्यावरही टाकला होता. हे मी विहीणबाईंना फोनवर सांगितलं, की आम्ही दोन मुली सांगलीत बसून त्यांच्याविषयी वाचत होतो. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मग तर रताळी मीच घेऊन येते."

त्यांच्या कृतीत अंडी असतात. ती बदला असं मी कशी म्हणणार? पिढ्यान्‌पिढ्यांची चव आहे ती. मी एवढंच सांगितलं की आई अंडं खात नाही, आणि आमच्याकडे रताळं उपासाला चालतं, एकादशीला किस करतो, शिवरात्रीला गुळात शिजवून खातो. तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. त्यांनी बिनअंड्याचा लहानसा करून बघितला होता! त्यांच्या आजीची रीत अशी, की रताळी उकडायची नाहीत, सालासकट ओव्हनमध्ये मंद भाजायची. त्यानं पाणी शिरत नाही, आणि हळूहळू भाजताना रताळ्यातल्या पिठाची साखर होत जाते, चीक सालीवर काळा होऊन चिकटतो. गर इतका घट्ट होतो की थोड्याशा कॉर्नफ्लोअरनं धरतो. त्या बुधवारी माझ्या स्वयंपाकघरात दोन करणार आहेत, एक नेहमीचा, एक आईसाठी चालेल असा. सुऱ्या वेगळ्या ठेवायच्या हे त्यांनीच सुचवलं. मी फोन ठेवून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई पोक्त आहे." आईच्या तोंडी यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

ॲपल पायला काही अडचण नाही. वरून अंडं लावतात त्याऐवजी दूध लावायचं. सफरचंदं निम्मी ग्रॅनी स्मिथ, निम्मी हनीक्रिस्प जातीची, म्हणजे आंबटगोड जमतं आणि फोडी मोडत नाहीत. तो मुलगा करतो, पारीची जाळी तो माझ्यापेक्षा नीट विणतो.

पेकन, म्हणजे अक्रोडासारखा इथला सुका मेवा, त्याचा पाय मात्र यादीतून काढला. त्याचं सारण निव्वळ पाक आणि अंडी, अंड्याशिवाय तो उभा राहत नाही आणि मला ओढूनताणून काही करायचं नव्हतं. पण विहीणबाईंच्या अंगणात पेकनची झाडं आहेत, त्या पिशवीभर सोलून आणताहेत. त्यांची गुळाची चिक्की करणार आहे, आपल्या शेंगदाण्याची असते तशी. शेजारच्या मुलींना जाताना खिशात देता येईल.

आता राहिला नैवेद्य, आणि तिथे मला तू हवी आहेस. भोपळ्याचं तबक नैवेद्याला ठेवू असं मी म्हटलं, गुरुवारी पहाटे पाचला उठून करते म्हणजे शिळं होणार नाही. आई म्हणाली, "पानात वाढ, मी आनंदानं खाईन. पण देवीपुढे घारगे होऊ देत." डबा मोठा आणते, उरलेल्या भोपळ्यात घारगे होतील. आईचे हात आता मळायला उठत नाहीत, थापायचे मलाच आहेत. तुझ्या आईचे घारगे दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचे, वरून मात्र खुसखुशीत. त्यांच्या पिठात रवा असायचा की तांदळाची पिठी? आणि गूळ भोपळ्याबरोबर शिजवायच्या की मागाहून किसून घालायच्या? डब्यातला भोपळा किसलेल्या ताज्या भोपळ्यापेक्षा ओला असतो, तेव्हा प्रमाण जरा सैल धरूनच सांग. त्यांना विचारून बुधवारी संध्याकाळच्या आत कळव. तुमच्याकडे गुरुवार आमच्या आधी उजाडतो, तू तुझ्या पूजेच्या गडबडीत असशील.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझीच