एका फसलेल्या रात्रीवरून बँड जोखावा का?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि त्यासोबत पाठवलेले चित्रीकरणही मी हेडफोन लावून नीट ऐकले. निपाणीहून रात्रीच्या बसने बेंगळुरू गाठून, दिवसभर मैदानात उभे राहून ज्या मेटल, म्हणजे जोरकस, वेगवान रॉक वाजवणाऱ्या बँडची तू वाट पाहिलीस, त्याने तुझी अशी निराशा करावी याचे मला मनापासून वाईट वाटले. त्या रात्रीचे वादन फसले होते, याबद्दल आपल्यात वाद नाही. परंतु ‘हा बँड केवळ स्टुडिओत घडवलेला आहे, मंचावर याला काही येत नाही’ हा तुझा निकाल मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हाच बँड मी पुण्यात ऐकला होता, हे तुला ठाऊक आहे. तू पाठवलेल्या चित्रीकरणातले तिसरे गाणे त्यांनी तिथेही वाजवले. त्या गाण्याच्या मध्यावर रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, एकाएकी तुटतो आणि अर्ध्या मात्रेच्या शांततेनंतर पुन्हा उसळतो, ती जागा आठव. पुण्यात मी उजव्या बाजूच्या कठड्याला टेकून उभा होतो आणि दोन्ही गिटारवादकांचे उजवे तळहात मला स्पष्ट दिसत होते. ते दोन्ही तळहात एकाच क्षणी तारांवर पडत, आवाज सुरीने कापावा तसा थांबे आणि ड्रमरच्या पहिल्या ठोक्यावर दोघेही पुन्हा एकदम सुटत. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळे ध्वनिमुद्रित होते आणि ड्रमचे ठोके संगणकावर मागेपुढे सरकवून तालात बसवता येतात, हे तुझे म्हणणे खरेच आहे. मात्र ज्यांच्या हातात कसब नाही, अशा दोघांचे तळहात तासभर योगायोगाने एकत्र पडत नाहीत. चांगली रात्र बँडचे कसब सिद्ध करते, वाईट रात्र ते खोडून काढत नाही. वाईट रात्रीतून कळते ते दुसरेच काही, आणि त्याकडे मी पुढे येतोच.

आधी त्या रात्रीच्या हिशोबातून बँडच्या हातात नसलेल्या गोष्टी वजा करू. मिनिटाला २०० ठोक्यांच्या गतीत डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बास ड्रमचे, सलग चौपट ठोके वाजतात तेव्हा दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम ०.०७५ इतका अवधी उरतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे समोर सतरा मीटरवर भिंत किंवा पत्रा असेल, तर तिथून परतलेला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो, आणि तोवर पुढचा ठोका वाजूनही गेलेला असतो. भावगीताच्या कार्यक्रमाला हाच प्रतिध्वनी थोडी गोलाई देऊन जाईल, मेटलचा मात्र त्यात चिखल होतो. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऑर्केस्ट्राची साउंड सिस्टीम लावून मेटल वाजवायला लावतात तेव्हा काय होते, ते आपण दोघांनी अनुभवले आहे: गायकाचा आवाज वर, गिटारी गायब, आणि बास ड्रमचा नुसता घुमारा छातीवर आदळत राहतो. तुझ्या चित्रीकरणात पहिली दोन गाणी अशीच चिखलात गेली आहेत, आणि तो दोष मी बँडच्या माथी मारणार नाही.

आता गायकाच्या गळ्याविषयी. वरच्या पट्टीतल्या ओळी त्याने प्रेक्षकांकडे माइक फिरवून टाळल्या, याचा तुला फार राग आला आहे. गिटारची तार तुटली तर बदलता येते, गळा मात्र एकच असतो आणि दौऱ्यात तो रोज रात्री पणाला लागतो. ड्रीम थिएटर या मेटल बँडच्या गायकाची, जेम्स लाब्रीची कथा तू जाणतोस. डिसेंबर १९९४ मध्ये क्यूबात अन्नविषबाधा होऊन उलट्यांनी त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली, विश्रांतीचा सल्ला असूनही तो काही आठवड्यांत जपानच्या दौऱ्यावर गेला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे गाणे कुठल्या रात्री कसे लागेल याचा भरवसा राहिला नाही. त्या काळातल्या एका रात्रीवरून त्याला नालायक ठरवणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला, असे माझे ठाम मत आहे. आयर्न मेडन या बँडमध्ये ब्लेझ बेली १९९४ ते १९९९ या काळात गायक होता. त्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा, आणि गायची होती आधीच्या गायकाच्या, ब्रूस डिकिन्सनच्या गळ्यासाठी बांधलेली उंच गाणी. तिथे गायकाइतकाच दोष ती गाणी त्याच्याकडून त्याच स्वरात गाऊन घेणाऱ्या बँडचाही होता.

उपाय असतो, आणि प्रामाणिक बँड तो करतात. मेटॅलिका हा मेटल बँड गेली कित्येक वर्षे मंचावर अर्धा स्वर खाली वाजवतो. मूळ ध्वनिमुद्रणे ई या स्वरातली, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनमधली. मंचावर तीच गाणी काळी दोनमध्ये वाजतात. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते वाजवून गेले तेव्हा स्वर उतरवला म्हणून कुणाचे काही अडले नाही. आपण तर कुमार गंधर्वांच्या मुलखातले. इथून हाकेच्या अंतरावरच्या सुळेभावीत जन्मलेल्या या गायकाचे एक फुप्फुस क्षयाने निकामी झाले, आणि परत मैफलीत बसल्यावर त्यांनी लांब दमसासाचा हट्ट न धरता लहान, झपाट्याच्या स्वरावलींतून आपली गायकी नव्याने उभी केली. ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ असे म्हणून दुसऱ्या मैफलीला पुन्हा पुढच्या रांगेत बसणाऱ्या रसिकांच्या परंपरेत आपण वाढलो. मेटलच्या गायकाला ती सवलत नाकारावी असे मला काही कारण दिसत नाही.

तू पुरावा म्हणून गाजलेल्या लाइव्ह अल्बमांचे दाखले दिले आहेस, ते मात्र जपून वापरायला हवेत. ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडच्या १९७९ सालच्या टोकियोतल्या लाइव्ह अल्बममधले गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केले गेले, कारण त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड त्या वेळी आजारी होता, आणि त्याने हे पुढे स्वतः सांगितले आहे. तो अल्बम मला आजही अत्यंत प्रिय आहे, परंतु आपल्या बँडला त्याच्या शेजारी उभे करून कमी ठरवणे योग्य नाही. तुझ्या हलत्या हाताने घेतलेले मोबाइलचे चित्रीकरण त्या अल्बमपेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे, आणि म्हणूनच मी ते इतक्या बारकाईने ऐकले.

आणि त्यात मला जे ऐकू आले त्यावर मी बँडला दोषी धरतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत साउंड सुधारला होता. तरीही ड्रमरने दुसऱ्या रिफपासून गती वाढवायला सुरुवात केली आणि कडव्यापर्यंत पोहोचेतो गाणे इतके धावू लागले की डावीकडच्या गिटारवादकाने मधले स्वर सोडून दिले. पुण्यात जी जागा सुरीने कापल्यासारखी आली होती, तिथे एक गिटार थांबली आणि दुसरी वाजतच राहिली. याला मैदान जबाबदार नाही, गळाही नाही. मंचावर चढल्यावर अंगात वीज भरते आणि हात धावू लागतात, हे प्रत्येक ड्रमरला ठाऊक असते, आणि सराव असतो तो नेमका त्यासाठीच. वडगावात मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत आपल्या ओळखीची पोरे सराव करतात. माग चालू असेपर्यंत शेजारी तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांनी ती जागा निवडली. त्यांचा ड्रमर कानात क्लिक, म्हणजे ठरावीक गतीची टिकटिक, लावून आधी संथ गतीत, मग मूळ गतीत, असे एकेक गाणे घोटतो. ज्यांच्याकडे धड वाद्येही नाहीत ती पोरे हे करतात, तर दौऱ्यावर निघालेल्या बँडला ते न करण्याची मुभा मी देणार नाही.

गाण्यांच्या क्रमाबद्दलही माझी तक्रार आहे. सर्वांत उंच पट्टीची दोन गाणी लागोपाठ आणि तीही शेवटाकडे ठेवणे म्हणजे थकलेल्या गळ्याचा छळ मांडणे होय. पुण्यात तीच गाणी सुरुवातीला होती आणि स्वच्छ लागली होती. हा क्रम कुणी आणि का बदलला, हे मला समजत नाही. गाण्यांच्या मधल्या लांबलचक भाषणांनी मैदान थंड पडले, याबद्दल तू लिहिलेस ते शब्दशः खरे आहे.

तेव्हा माझा निकाल असा: कसबाबद्दल पूर्ण गुण, गळ्याबद्दल सवलत, साउंडबद्दल दोषमुक्ती, आणि शिस्तीबद्दल कडक ताशेरे. एका रात्री गती सांभाळणारा आणि दुसऱ्या रात्री ती सोडून देणारा बँड मी अजून थोर म्हणणार नाही, त्यांचे अल्बम कितीही आवडत असले तरी. पण त्यांना काहीच येत नाही, हे वाक्य तू मागे घ्यावेस.

माझी एक विनंती आहे. तुझ्याकडे शेवटच्या दोन गाण्यांचेही चित्रीकरण असेल तर तेवढे पाठव. ड्रमरची गती तिथेही सुटली होती की तिसऱ्या गाण्यानंतर त्याने स्वतःला सावरले, हे मला ऐकायचे आहे. सावरले नसेल, तर ताशेरे आणखी कडक करायची माझी तयारी आहे. आणि ते पुन्हा पुण्यात आले तर तू इकडे न येता परस्पर निपाणीहूनच निघ, मी बेळगावहून बसने येईन. उजव्या बाजूचा कठडा मात्र लवकर जाऊन धरावा लागेल.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र