टीम मिळाली ना, आता थोडं ऐक

मुक्ते,

परवा फोनवर म्हणालीस की इथे जपानमध्ये साहेब बोलल्याशिवाय मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही, कन्फ्यूशियसचे संस्कार आहेत म्हणतात, मग मीपण टीमला तसंच ठेवू का. अगं त्या जुन्या चिनी गुरूच्या नावावर लोक काहीही खपवतात. राजाची चाकरी कशी करावी असं एका शिष्याने विचारलं तर तो म्हणाला, फसवू नको, पण तोंडावर विरोध कर. झालं!

तिकडच्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर, 2024 पासूनच्या, शिबुसावा एइइची नावाचा माणूस आहे बघ. माझा जन्म बँकेत गेला म्हणून असेल पण मला हा माणूस फार आवडतो. 1873 मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी केली, मग कागद, सूतगिरणी, गॅस असं करत पाचशेच्या आसपास कंपन्यांना हात लावला, आणि सांगायचा काय तर कन्फ्यूशियसची वचनं आणि हिशोबाची मणीपाटी दोन्ही एकाच टेबलावर पाहिजेत. नफ्याला नाक मुरडलं नाही कधी, फक्त आडमार्गाने येत असेल तर नको.

आणि यात आपली मुंबई पण आहे बरं का! 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला जाऊन त्याला भेटले. मुंबईचा कापूस तिकडच्या गिरण्यांना लागायचा पण जहाजं पी अँड ओ वगैरे युरोपियन कंपन्यांची, भाडं ते म्हणतील ते. मग त्याच नोव्हेंबरात निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीने मुंबईची लाइन चालू केली, तर पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की कुणाही गिरणीवाल्याला मोह व्हावा. पण जपानी गिरण्यांच्या संघाने निप्पॉन युसेनच्याच जहाजांनी माल आणायचं कबूल केलं होतं ते पाळलं, म्हणून लाइन टिकली. करार होता हे खरं, पण करार मोडून देणारे वकील तेव्हाही मिळत असतीलच की.

आता दुसरी बाजू. तोशिबाने काही वर्षं नफा फुगवून दाखवला, सुमारे 15 हजार कोटी येन, आणि 2015 च्या चौकशीत निघालं काय तर वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध जायची तिथे सोयच नव्हती. याला मी तरी संस्कार म्हणणार नाही.

तू परचेसला आहेस, मार्च एंड तिकडेही असतोच, तेव्हा छोट्या व्हेंडरचं पेमेंट लटकवून आपला आकडा चांगला दाखवायचा मोह होईल. तुझा पगार असा लटकवला तर चालेल का, एवढं बघ. माल उशिरा येणार असेल तर खरी तारीख साहेबांना मीटिंगच्या आधी एकटं गाठून सांग, चारचौघांत नको, तिकडे तशीच पद्धत आहे आणि मला ती पटते. आणि टीममधल्या सगळ्यात ज्युनियर पोराला पहिलं बोलायला लाव, तू शेवटी बोल. पहिले काही दिवस तो गप्पच बसेल, तरी लाव.

बाबा