ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी तपासायला सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पारोळ्यात महामार्गालगत २२ वर्षांपासून माझं गॅरेज आहे. मागच्या महिन्यात बेटावदकडचे एक आप्पा पेट्रोल गाडी घेऊन आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "भाऊ, हाऊ दिवा काबर लागेल शे?" इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला, १८ चं ॲव्हरेज १३ वर आलेलं. दुसऱ्या गॅरेजात दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता. त्यात सात हजार गेले, दिवा मात्र तसाच.

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाड वाचायचं यंत्र) 'मिश्रण पातळ', म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, असा कोड होता, पी ०१७१. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि पोराला सायलेन्सरच्या तोंडाशी ओली चिंधी दाबायला लावली. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, गॅस्केटपाशी (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीपाशी) फसफस ऐकू आली. बॅटरी मारून पाहिलं तर तिथंच काजळीची बारीक रेघ उमटलेली.

हा ऑक्सिजन सेन्सर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, धुराच्या नळीत बसतो. आत झिरकोनियाची चिनीमातीसारखी पोकळ नळी, तिला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकानं वीज तयार होते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१. ते पाहून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा मेळ राखतो. आप्पांच्या गाडीत फुटक्या गॅस्केटमधून बाहेरची हवा नळीत ओढली जात होती. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजून 'पेट्रोल कमी आहे' सांगायचा आणि ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडायचा. सेन्सरची काहीच चूक नव्हती. गॅस्केट बदललं, आठ दिवसांनी आप्पांचा फोन आला, ॲव्हरेज १७ च्या वर.

"आपल्याकडच्या उन्हानं सेन्सर गेला," असंही गिऱ्हाइकांना सांगितलं जातं. हे ऐकून मला फार वाईट वाटतं. भुसावळ-जळगावचं ४५ अंशाचं ऊन आपल्याला भाजतं, पण हा सेन्सर काम सुरू करतो तोच ३०० अंशांच्या पुढे. तेवढं लवकर तापावं म्हणून त्यात हीटर असतो. तो हीटर जळतो, हे खरं.

सेन्सर झिजतो, नाही असं नाही. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर तो सुस्तावतो. बहुतेक गाड्यांत चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज इंजिन तापल्यावर स्कॅनरवर सारखा खालीवर होतो, थकलेल्याचा रेंगाळतो. (काही नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर येतो, त्याला हे आकडे लावू नयेत.) पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि ऑइल जळायला लागलं की टोकावर त्याची राख बसते. इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवल्यावर सांध्याला भलताच सिलिकॉन चोपडला की टोक पांढरं पडतं. असं टोक पेट्रोलमध्ये बुडवून, तारेच्या ब्रशनं घासून पुन्हा बसवलेलं मी पाहिलंय. त्यानं वरची काजळी जाते, एवढंच. सिलिकॉन बसलेला सेन्सर पुन्हा सुधरत नाही.

आणि नुसता कोड पुसून गाडी देणं तर बंदच व्हायला हवं. जास्तीचं पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथं पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट.

माझ्या मेकॅनिक बांधवांनो, आधी मॅनिफोल्ड पाहा, वायरिंग पाहा, मग सेन्सरला पाना लावा. वाचकांनी एवढं करावं, सेन्सर बदलायचाच ठरला तर स्कॅनरवरचा आकडा दाखवायला सांगावा आणि जुना सेन्सर मागून घेऊन त्याचं टोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

आपला,
एक गॅरेजवाला, पारोळा, जि. जळगाव