पूर ओसरल्यावर गिलाव्याची घाई नको

मा. संपादक,

दूधगंगेचे पाणी उतरले की आमच्या निपाणी भागात पहिली धावपळ सिमेंटच्या पोत्यांची. मी गवंडीकाम करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर बरीच जुनी घरे दुरुस्त केली, म्हणून कळकळीने लिहितो.

मातीची भिंत पुष्कळदा पुरात तग धरते आणि पाणी उतरल्यावर बसते. आतली माती लगदा झालेली असते, बाहेरून टेकू देणारे पाणी निघून गेलेले असते. जोत्यालगत आडवी चीर दिसली किंवा भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसली, तर त्या खोलीत कुणालाही झोपवू नका. भांडीकुंडी काढायलासुद्धा आत जाऊ नका.

ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे ओल आत कोंडणे. पुढे पोपडे सुटतात आणि मागची माती भुगा होऊन गळते. सुटलेला गिलावा खरवडा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, कपाटे भिंतीपासून हातभर सरकवा. जाड भिंत वाळायला महिने लागतात. दिवाळी होऊ द्या, मग मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा. आणि हो, बोर्डात पाणी शिरले असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका.

पंचनामा पाणी उतरल्याबरोबर होतो, भिंत मात्र नंतर पडते. आमच्या गल्लीतल्या एका आजीचे घर असेच भरपाईच्या यादीबाहेर राहिले. अशा घरांची महिन्याभराने दुसरी पाहणी झालीच पाहिजे.

— एक गवंडी, कारदगा (ता. निपाणी)