रबाळे स्टेशनबाहेरच्या चहावाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. दोनदा येऊन गेलो, टपरी बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, गावी गेलेत. म्हणून इथे जाहीरच लिहितोय, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

पावसाळ्यातली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. माझ्या उजव्या हातातून कटिंगचा ग्लास सुटला आणि फुटला. काचा गोळा करायला गेलो तर हात हलेना. बोलायला गेलो तर नुसतं बरळणं. माणसं जमली. चक्कर आलीये, साखरपाणी द्या, कांदा हुंगवा. एक जण म्हणाला, सकाळीच टाकून आलाय. मला सगळं कळत होतं, सांगता येत नव्हतं. वय ३३. लकव्याची शंका कुणाला येणार?

तुम्हाला आली. माझं तोंड एका बाजूला ओघळलेलं पाहून तुम्ही ओरडलात, "पाणी पाजू नका, ठसका लागेल! आमच्या बाबांना असंच झालेलं." घड्याळात बघून पार्सलच्या कागदावर ९:१० लिहिलंत, तो माझ्या खिशात कोंबलात आणि रिक्षावाल्याला बजावलंत, "सीटी स्कॅन असेल तिथेच ने, मध्ये कुठे थांबू नको."

हॉस्पिटलात डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता: नेमकं कधी सुरू झालं? बायको अजून ठाण्याहून निघत होती. नर्सने खिशातून तुमचा कागद काढला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटीत रक्तस्राव नाही ना, हे बघून. रक्त अडलं की मेंदूच्या जवळपास १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही मात्र एक मिनिट वाया घालवलं नाहीत.

मूळ निघालं बीपीत. ऑफिसच्या शिबिरात १६०/१०० आलं होतं. गाडी पकडायला धावलो म्हणून असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. डोकं दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. घरात दीड वर्षाची मुलगी असताना मी असं वागलो, याचं फार वाईट वाटतं.

आता कामावर जातो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, थकलो की शब्द अडतात. पण मुलीला उचलून घेता येतं, दादा.

चहाचे आणि ग्लासाचे पैसे द्यायचे राहिलेत. तुम्ही परतलात की येतो, बीपीचं मशीनही आणतो. बाबांना झालं होतं म्हणालात, म्हणजे तुमचंही तपासायला हवं. सकाळची गर्दी ओसरली की टपरीवरच बसून बघू.

तुमचा कायमचा ऋणी,
रोजचा कमी साखरवाला